मागाशेजारची पंगत

कार्तिक शुद्ध द्वितीयेला भावाने बहिणीच्या घरी जाऊन जेवावे, अशी यमद्वितीयेची मूळ रीत आहे. आमच्या घरी ती गेली काही वर्षे उलटी चालते. आईला आता प्रवास सोसवत नाही आणि लेकींना पाहिल्याशिवाय तिची दिवाळी होत नाही, म्हणून माझ्या चारही बहिणी भाऊबीजेला बेळगावातल्या वडगावच्या आमच्या घरी येतात. थोरली अक्का गडहिंग्लजहून आणि धाकटी चंदगडहून, म्हणजे दोघी महाराष्ट्रातून; मधल्या दोघी निपाणी आणि खानापूर येथून. प्रत्येकीबरोबर तिचे घर असते, आणि आमचे घर मात्र विणकराचे आहे. त्यातली सर्वांत मोठी खोली माणसांसाठी नव्हे, मागासाठी बांधलेली आहे.

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत अशी घरे अजूनही गल्लोगल्ली आहेत. रुंदीला कमी आणि लांबीला जास्त. दाराला लागून कट्टा, मग सोपा, त्यामागे माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परसू. आमचा सोपा बारा फूट रुंद आणि वीस फूट लांब आहे. खिडकीच्या बाजूला अप्पांचा यंत्रमाग आहे आणि पंचाहत्तरीला आलेले अप्पा त्यावर रोज काही तास साड्या विणतात. त्याच्या शेजारी दुसरा माग होता. तो 2021 साली विकावा लागला, पण ज्या बोल्टांनी तो जमिनीला जखडलेला होता ते आठ बोल्ट दीड-दीड इंच वर आलेले अजून तसेच आहेत. घरातल्या प्रत्येकाला अंधारातही त्यांची जागा ठाऊक असते. पाहुण्यांच्या पोरांना ती ठाऊक नसते.

इतकी वर्षे भाऊबीजेचे जेवण माजघरात तीन पंगतींत होत असे. पहिली पुरुषांची आणि मुलांची, दुसरी बहिणींची, आणि तिसरी घरातल्या बायकांची. तिसरी पंगत बसेपर्यंत चार वाजत, कटाची आमटी दोनदा गरम करून आटलेली असे आणि गडहिंग्लजची मंडळी निघायच्या गडबडीत असत. लेकी माहेरी आलेल्या असूनही आईने त्यांच्याबरोबर बसून जेवल्याचे मला आठवत नव्हते. 2024 च्या दिवाळीत मी ठरवले, की या वेळी सर्वांनी शक्यतो एकाच वेळी जेवायचे. निमित्तही होते. अक्काच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि तिला खाली बसण्याची मनाई होती. शिवाय तिची नवी सून आणि निपाणीच्या ताईचा नवा जावई, दोघेही पहिल्यांदाच भाऊबीजेला येणार होते. भाऊबीज 3 नोव्हेंबरला, रविवारी आली होती, त्यामुळे कोणालाही रजेची अडचण नव्हती.

मी दसऱ्यानंतर लगेच वही घेऊन यादी केली. बहिणींकडचे सतरा आणि आमच्याकडचे सहा, मिळून तेवीस. यादी पत्नीला दाखवली. तिने ती शांतपणे दोनदा वाचली आणि विचारले, "यात आई, जाऊबाई आणि मी कुठे आहोत?" मी अप्पा, स्वतः, भाऊ आणि आमची तीन मुले एवढेच घरचे म्हणून मोजले होते. ज्यांच्यासाठी ही सारी खटपट करायची त्यांतल्या एकीचे, म्हणजे आईचे नाव मीच लिहिले नव्हते. एकत्र जेवायचे ठरवणाऱ्या माणसाच्या हातून असे व्हावे याचे मला फार वाईट वाटले. मी तिथेच तीन नावे वाढवून आकडा सव्वीस केला आणि त्यानंतरची प्रत्येक मोजणी त्या तीन नावांपासून सुरू केली.

मग मापे. मांडी घालून बसलेल्या मोठ्या माणसाला रुंदीला दोन फूट लागतात; पाटाच्या मागच्या कडेपासून ताटाच्या पुढच्या कडेपर्यंत सव्वातीन फूट धरावे लागतात. समोरासमोर दोन ओळी मांडल्या तर साडेसहा फूट माणसे आणि ताटेच खातात. माजघर दहा फूट रुंद आहे, म्हणजे वाढप्याला मधून चालायला साडेतीन फूट उरतात. हे पुरेसे आहे. वाढणारा माणूस हातात आमटीचे पातेले घेऊन वाकतो तेव्हा त्याला अडीच फूट तरी लागतातच, आणि त्याहून कमी ठेवले तर समोरच्या ओळीतल्या कोणाच्या तरी ताटाला त्याचा पाय लागतो. माजघराची लांबी चौदा फूट आहे. एका ओळीत सात माणसे बसली असती, पण मग स्वयंपाकघराच्या दारात पाट आला असता. म्हणून एकीकडे सहा आणि दाराच्या बाजूला पाच, असे अकरा जण. उरलेल्या पंधरांची सोय सोप्यात करायची, किंवा ती कुठेच होणार नव्हती.

मी टेप आणि खडू घेऊन सोप्यात उतरलो तेव्हा अप्पा मागावर होते. त्यांनी माग थांबवला आणि म्हणाले, "काय मापं घेऊलास रे?" मी बेत सांगितला आणि धीर करून म्हटले, की बोल्ट कापून जमीन सपाट केली तर मुलांची पंगत तिथे बसेल. वेल्डिंगवाल्याचे ते पंधरा मिनिटांचे काम होते. अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "बोल्ट कापायचे नाहीत. उद्या परत माग बसवायचा झाला, तर?"

माग परत बसणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. तरीही मी वाद घातला नाही. ज्या मागांनी चार मुलींची लग्ने केली त्यांतल्या एकाची ती शेवटची खूण होती, आणि जेवायला जागा करताना घरातल्या सर्वांत वडील माणसाच्या मनातली जागा मोडली असती तर ते जेवण मला गोड लागले नसते. त्या संध्याकाळी मी वहीत आधी काय हलवायचे नाही ते लिहिले: माग, बोल्ट, देवघर, आणि कट्ट्यावरचा मुलांचा किल्ला.

किल्ल्याविषयी सांगायला हवे. बेळगावात दिवाळीला मुले मातीचे किल्ले करतात आणि ते काम मोठ्या निष्ठेने चालते. आमच्या मुलांनी त्या वर्षी कट्ट्याचा निम्मा भाग व्यापून राजगड उभारला होता. एरवी पाहुण्यांच्या चपला त्याच जागी सुटतात. सव्वीस माणसांच्या चपला दारातच पडल्या तर गुडघ्याचे दुखणे असलेल्या माणसाला उंबरा ओलांडणे धोक्याचे होते. त्यामुळे चपलांसाठी शेजारच्यांच्या कट्ट्याखालची रिकामी जागा मागून घेतली आणि तिथे एक जुनी फळी दोन विटांवर टाकली.

बोल्टांवरचा उपाय सुताराने सुचवला. त्याने दोन इंच जाडीच्या रिपा आडव्या टाकून त्यांवर फळ्या ठोकल्या, त्यामुळे बोल्ट खालच्या पोकळीत राहिले. आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद असा तो बुटका चौथरा चार भागांत उचलता येतो. बरोबर जुन्या मागाएवढाच तो झाला. लहान मुलाला दीड ते पावणेदोन फूट पुरतात, म्हणून पाच फुटांत तीन मुले ऐसपैस बसतात; समोरासमोर तीन आणि तीन, मध्ये वाढायला दोन फूट. घरात मुले सहाच होती. हा हिशेब जुळला तेव्हा मला झालेला आनंद मी लपवू शकलो नाही.

मागाची तयारी अप्पांनी स्वतः केली. मागावर असलेली साडी त्यांनी वसुबारसेपर्यंत पुरी करून उतरवली, ताण्याचा, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचा, ताण थोडा सैल केला, आडवा धागा नेणारा धोटा काढून कपाटात ठेवला आणि संपूर्ण ताण्यावर आधी धुतलेले सुती कापड व त्यावर प्लास्टिक अंथरले. तुपाचा एक थेंब ताण्यावर उडाला तर पुढच्या साडीत तो डाग बनून येतो. मुख्य स्विच बंद करून त्यावर चिकटपट्टी लावली, कारण मुलांची पंगत शेजारीच बसणार होती. मागाखालच्या जमिनीवर वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले होते. त्यावर लाकडाचा भुसा रात्रभर पसरून ठेवला, सकाळी तो झाडून धुण्याच्या सोड्याने जमीन दोनदा घासली. डाग गेले नाहीत, पण पाय घसरण्याची भीती गेली आणि वासही बराच उतरला.

खुर्चीवर बसणाऱ्यांचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटत होता. अक्काला एकटीला खुर्ची दिली असती तर ती जागेच्या दृष्टीने सोपी सोय होती. परंतु सगळे खाली बसलेले असताना एकच माणूस वर बसून हातात ताट धरून जेवतो, तेव्हा त्याचे बोलणे कोणाशी होत नाही, वाढपी त्याला विसरतो, आणि आपण आजारी असल्याची जाणीव त्याला घासाघासाला होते. म्हणून खुर्चीची गरज असणारे सगळे एकत्र बसवायचे ठरले: अक्का, तिचे यजमान, निपाणीचे दाजी, खानापूरच्या ताईच्या सासूबाई, अप्पा आणि आई. सहा जण, म्हणजे सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद असे एक टेबल. टेबलाच्या दोन्ही बाजूंना खुर्चीसाठी अडीच-अडीच फूट धरले तर साडेसात फूट खोली लागते, आणि चौथऱ्यापासून माजघराच्या भिंतीपर्यंत बरोबर आठ फूट होते.

भाड्याने टेबल सांगितले होते. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आले होते, आणि तो दिवस बेळगावात एरवीही वेगळा असतो. कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा मराठी माणसांचा काळा दिन, बंदोबस्त, वळवलेले रस्ते, या सगळ्यांत टेंपो गल्लीपर्यंत येणे शक्य नव्हते. म्हणून सामान 31 ऑक्टोबरलाच मागवले. आले ते गोल टेबल, पाच फूट व्यासाचे. त्याला खुर्च्यांसह दहा फूट लागतात. बदलून द्यायला आता वेळ नाही, असे उत्तर मिळाले. नरकचतुर्दशीचा उरलेला दिवस मी त्या टेबलाभोवती फिरण्यात घालवला.

संध्याकाळी आई म्हणाली, "माडीवर साड्यांच्या घड्या घालायचं टेबल आहे की." ते होते. दोन माग चालत तेव्हा विणून झालेल्या साड्या त्यावर पसरून घड्या घातल्या जात. एक माग गेल्यावर ते माडीवर चढले आणि त्यावर सुताचे गठ्ठे आले. गेली तीन वर्षे ते मला टेबल म्हणून दिसलेच नव्हते. लांबी सहा फूट, रुंदी अडीच फुटांना दोन इंच कमी, उंची तीस इंच. भावाने आणि मी ते दोरीने खाली उतरवले. खुर्च्या शेजारच्या कन्नड काकूंनी दिल्या. मी चार मागायला गेलो होतो, त्यांनी सहाही बाहेर काढल्या आणि म्हणाल्या, "तगोंड होगरी, नमदू पूजा मुगीतल्ल." त्यांची पूजा आटोपली होती, आता खुर्च्या लागणार नव्हत्या.

पाडव्याच्या रात्री आम्ही सगळी मांडामांड करून पाहिली. ताटांच्या जागी वर्तमानपत्रांचे चौकोन ठेवले, घरातली आणि शेजारची माणसे बसवली आणि मी रिकामे पातेले घेऊन दोन फेऱ्या मारल्या. कागदावर जे दिसले नव्हते ते तेव्हा दिसले. अक्काला मधल्या खुर्चीवर बसवले तर तिचा पाय पुरता दुमडत नसल्यामुळे तो टेबलाखाली समोरच्याच्या पायात येणार होता. तिची जागा माजघराच्या दाराकडच्या टोकाला हलवली, म्हणजे पाय बाजूला पसरता येईल आणि माजघरातल्या बहिणी तिला दिसतील. दुसरी अडचण हात धुण्याची निघाली. राकसकोप आणि हिडकल धरणांचे पाणी आमच्या गल्लीत रोज येत नाही, म्हणून भरलेली पिंपे परसवाच्या वाटेवरच उभी असतात. जेवण झाल्यावर सव्वीस माणसे त्या दीड फुटाच्या फटीतून एकामागे एक जाणार होती. एक नळाचे पिंप बाहेर काढून कट्ट्याच्या मोकळ्या टोकाला बादलीसह ठेवले. टेबलावरची मंडळी आणि मुले तिकडे जातील, माजघरातली परसवात.

राहिला वाढण्याचा प्रश्न, आणि खरे तर जागेचा सगळा प्रश्न त्याच्यापाशी येऊन थांबत होता. पुरणपोळी तव्यावरून ताटात वाढायची म्हटली की घरातल्या दोन बायका पंगत उठेपर्यंत चुलीपाशी अडकतात; मग त्यांच्यासाठी पाट मांडला काय आणि न मांडला काय. पत्नीने सुचवले, की पोळ्या सकाळी अकराच्या आत करून मलमलीच्या कापडात गुंडाळून दुरडीत ठेवाव्यात. आईला हे पटेना. लेकींना गार पोळी वाढायची, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती. शेवटी तूप मात्र कढतेच वाढायचे आणि आमटी-भात ऐन वेळी गरम करायचा, यावर तिने होकार दिला. मसालेभातासाठी बेळगावी बासमती खास आणून ठेवला होता. त्याचा वास माजघरापर्यंत आला, की पोळी गार असल्याचे कोणाच्या लक्षातही राहणार नाही, असे मी तिला सांगितले. वाढायला मी, भाऊ आणि निपाणीच्या ताईचा कॉलेजात शिकणारा मुलगा. नव्या जावयाचा पहिला दिवाळसण असल्याने त्याला हात लावू द्यायचा नव्हता.

भाऊबीजेच्या दिवशी ओवाळणे माजघरातच झाले. पूर्वेकडे तोंड करून आम्ही दोघे भाऊ पाटांवर बसलो. चौघींनी पाळीपाळीने ओवाळले, नंतर मुलींनी आपापल्या भावांना. सव्वा तास गेला. ओवाळणीचे पाट तिथेच ठेवून बाकीचे त्यांच्या ओळीत सरकवले, त्यामुळे पंगत मांडायला वेगळा वेळ लागला नाही. ताटांभोवती रांगोळी काढण्याचा आग्रह खानापूरच्या ताईने धरला होता; साडेतीन फुटांच्या वाटेत ती पायाखाली गेली असती, म्हणून तिने भिंतीच्या बाजूने, पाटांच्या मागे, ठिपक्यांची एकच लांब ओळ काढली. ती फार सुंदर दिसत होती.

पावणेएकला तेवीस माणसे एकाच वेळी जेवायला बसली. आम्ही तिघांनी मिठापासून वाढायला सुरुवात केली. पातेली मुद्दाम लहान घेतली होती, कारण मोठे पातेले घेऊन माजघरातून वळता येत नाही हे आदल्या रात्रीच कळले होते. त्यामुळे फेऱ्या दुप्पट झाल्या आणि पाय दुखले, पण कोणाच्या ताटाला धक्का लागला नाही. अक्काची नवी सून दोनदा वाढायला उठली आणि दोन्ही वेळा अक्काने टेबलावरूनच तिला बसवले. चौथऱ्यावर ताक सांडले आणि फळ्यांच्या फटींतून खाली गेले. मुलांनी मागाकडे पाठ करून बसायला साफ नकार दिला. त्यांना तो पाहायचा होता. शेवटी तिघेजण मागाकडे तोंड करून बसले आणि उरलेल्या तिघांना पुढच्या वर्षी जागा बदलून देण्याचे वचन द्यावे लागले.

आई पहिल्या दहा मिनिटांत तीन वेळा उठली. एकदा लोणच्यासाठी, एकदा तूप पुरेल का ते पाहायला, एकदा कशासाठी ते तिलाही सांगता आले नाही. तिसऱ्या वेळी अक्काने तिचा हात धरून ठेवला आणि तो सोडलाच नाही. दोघी बराच वेळ एकेका हाताने जेवत होत्या. माझ्या हातात भाताचे पातेले होते. मला थोडा वेळ पुढच्या ताटाकडे जाता आले नाही. समोर माजघरात माझी पत्नी आणि भावजय शेजारी शेजारी बसून, कोणाचीही वाट न पाहता, गरम भात जेवत होत्या.

दीड वाजता पहिली मंडळी उठली. हात धुण्याची गर्दी कट्ट्यावर झालीच, कारण मुलांनी किल्ला दाखवायला जावयाला तिथेच थांबवले होते. मग आम्ही तिघे बसलो. आम्हाला निपाणीच्या ताईने आणि पत्नीने वाढले, आणि कुंद्याचे, म्हणजे बेळगावी मिठाईचे, ताट घेऊन अप्पा स्वतः आले. अप्पांना वाढताना मी त्या दिवसापर्यंत पाहिले नव्हते. त्यांनी प्रत्येकाच्या ताटात चमचाभर नव्हे, मूठभर कुंदा घातला.

त्या रात्री अक्का आणि धाकटी ताई राहिल्या. त्यांच्या अंथरुणांची सोय माजघरात झाली, अक्काला भावाने त्याच्या घरून लोखंडी खाट आणून दिली. सोमवारी दुपारी सगळे गेल्यावर अप्पांनी मागावरचे प्लास्टिक आणि कापड काढले, ताण्यावरून तळहात फिरवत ते इकडून तिकडे गेले, तुटलेले तीन धागे जोडले आणि ताण पुन्हा बसवून माग चालू केला. मी चौथऱ्याच्या फळ्या उचलत होतो. खाली बोल्टांच्या मधे ताकाचा वाळलेला डाग, थोडी शिते आणि लवंगी फटाक्याचा एक कागद निघाला. ते पुसून घेतल्यावर मी चारही भागांवर खडूने आकडे घातले. अप्पांनी माग न थांबवताच सांगितले, की खडू पुसला जाईल, रंगाने घाल. आता ते आकडे तांबड्या रंगात आहेत आणि फळ्या माडीवर, घड्यांच्या टेबलाच्या शेजारी उभ्या आहेत. टेबलावर या वेळी सुताचे गठ्ठे ठेवलेले नाहीत.